हरकत घ्यावी, पण वहीत

परवा आमच्या सोसायटीची सभा गच्चीवर भरली होती. विषय अर्थातच पुनर्विकासाचा. प्रस्तावाचं वाचन निम्म्यावर आलं आणि मागच्या रांगेतले एक काका ताडकन उठले. "आय स्ट्राँगली ऑब्जेक्ट!" गच्ची चिडीचूप. सेक्रेटरींनी चष्मा वर सरकवून विचारलं, "इतिवृत्तात लिहू का, तुमच्या नावानं?" काका घुटमळले. "लिहायचं कशाला? आपलं सांगून ठेवलं." ठराव एकमताने मंजूर झाला.

इंग्रजीत चढलेला आवाज मराठीत असा का उतरला? 'ऑब्जेक्शन' आपल्याकडं हिंदी सिनेमातल्या कोर्टातून आलं, 'प्रोटेस्ट' कॉलेजच्या फाटकातून. दोन्ही शब्द रुबाबदार, शिवाय थोडे परके. शेजाऱ्याला "माझी हरकत आहे" म्हणणं म्हणजे उद्या जिन्यात त्याच्या नजरेला नजर देणं. 'ऑब्जेक्ट' म्हटलं की राग दाखवल्याचं समाधान मिळतं आणि जबाबदारी परभाषेवर राहते.

गंमत म्हणजे 'प्रोटेस्ट' हा मुळात ओरडण्याचा शब्दच नव्हे. त्याच्या लॅटिन मुळाशी साक्ष आहे; जाहीरपणे साक्ष देणं. १५२९ साली जर्मनीतल्या श्पायरच्या सभेत बहुमतानं धर्माविषयी एक ठराव केला, तेव्हा अल्पमतातल्या काही राजांनी आणि नगरांनी आपला विरोध लेखी नोंदवला. प्रोटेस्टंट हे नाव तिथून पडलं. आपण 'प्रोटेस्ट'साठी 'निषेध' वापरतो, पण विधिनिषेधातला निषेध म्हणजे मनाई. मनाई करायला हातात सत्ता लागते. साक्ष द्यायला सही पुरते.

ही सही किती मोलाची, ते जमीन गेलेल्या शेतकऱ्याला विचारा. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानुसार मोबदला 'अंडर प्रोटेस्ट' स्वीकारता येई. तशी नोंद न करता पैसे उचलले, की रक्कम वाढवून मागायला कोर्टात जाण्याची वाट बंद. २०१३ च्या कायद्यानंही ही तरतूद ठेवली. हे दोन शब्द त्याच्यासाठी रुबाबाचे नाहीत, पुढच्या भांडणाची पावती आहेत.

मराठीत या पावतीचं नाव 'हरकत'. या शब्दाशी आपलं नातं विचित्र आहे. तोंडी आपण दिवसभर "हरकत नाही" म्हणत असतो आणि कचेरीत 'ना हरकत' प्रमाणपत्रासाठी चपला झिजवतो. हरकत असल्याचं सांगण्याची सोय मात्र वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टायपातल्या जाहीर सूचनेत असते: हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत. पुणेकरांनी ती वाचली की काय होतं, ते २०१३ मध्ये दिसलं. जुन्या हद्दीच्या विकास आराखड्यावर आलेल्या हरकती-सूचना ८० हजारांच्या पुढे गेल्या. पुढं राज्य सरकारनं आराखडा महापालिकेच्या हातून काढून घेतला आणि २०१७ मध्ये मंजूर केला. सगळं लोकांच्या मनासारखं झालं, असं कोण म्हणेल? पण एवढ्या कागदांनंतर 'कुणाचा विरोधच नव्हता' असंही कुणाला म्हणता आलं नाही.

पुण्यात अलका टॉकीजच्या चौकात मोर्चेकरी देतात त्या घोषणांना मी कमी लेखत नाही. त्यांच्यामुळं शहराचं लक्ष जातं. पण फायलीत घोषणा सापडत नाही, हरकत सापडते.

अरबीत हरकत म्हणजे हालचाल. मराठीत तिचा आक्षेप झाला आणि गाण्यात नाजूक, चपळ स्वरसमूह. क्रियापद मात्र दोन्हीकडं एकच: हरकत 'घ्यायची'. आमचे काका दर डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवात भारतीय बैठकीवर ठाण मांडून असतात. गवयानं एखादी हरकत घेतली, की त्यांची दाद मंडपात सगळ्यांच्या आधी उमटते. ती कुठं आणि किती घ्यावी, हे त्यांना चांगलं कळतं.

त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही. प्रस्तावातलं ते कलम मलाही खटकलं होतं आणि मी चहाचा कप हातात घेऊन गप्प बसलो होतो. त्या एकमतात माझंही मत मोजलं गेलं. इतिवृत्त अजून कायम व्हायचंय. पुढच्या सभेत माझं मत मी वहीत लिहून घ्यायला लावणार आहे. मराठीत, नावानिशी.