पदरमोड करणारी पोरं

रायपूरच्या तेलीबांधा तलावाला आता सगळे ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात. तिथल्या संध्याकाळच्या गर्दीत निम्मी तरुण मुलं. कुणी मोबाइलवर चित्रीकरण करतं, कुणी नुसतं फिरतं. या पोरांसाठी काहीतरी करू म्हणणाऱ्या संस्थांची कमी नसते, पण फलक आधी लागतो आणि शिक्षक मागाहून शोधतात. (कधी शोधतही नाहीत.) याच भागाच्या इतिहासात उलटं उदाहरण आहे. माधवराव सप्रे, रामराव चिंचोलकर आणि वामनराव लाखे या मराठी माणसांनी जानेवारी १९००मध्ये छत्तीसगढमधल्या पेंड्रा गावाहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढलं, तेही हिंदीत! संपादन पहिल्या दोघांकडे, प्रकाशन लाख्यांकडे. सप्रे तेव्हा तिशीही न ओलांडलेले. पेंड्र्याच्या राजकुमाराला शिकवून मिळणाऱ्या पगारातून पैसे बाजूला टाकून त्यांनी हा घाट घातला. मासिक तीनच वर्षं चाललं. पैशाचं गणित जमलं नाही, पण माणसं थांबली नाहीत. सप्र्यांनी रायपुरात मुलींसाठी जानकीदेवी पाठशाळा काढली, लाख्यांनी सहकारी बँक उभारली. पुढे १९३५मध्ये इथल्या मराठी मंडळींनी महाराष्ट्र मंडळ स्थापन केलं. ते आज शाळाही चालवतं आणि नाटकंही बसवतं. पोरांसाठी काहीतरी करू म्हणणाऱ्या संस्थांनी तेलीबांध्याहून तात्यापारा वस्तीपर्यंत एक चक्कर मारावी. सप्रे तिथेच राहत होते.