करसवलत कोणाला आणि मजुरी कोणाच्या खिशातून?

मजुरी वाढली की शेतकरी बुडतो, ही ओरड महाराष्ट्राला नवी नाही. शेतमजुरांच्या किमान वेतनाचा विषय निघाला की बागायती पट्ट्यातून ती हमखास उठते, आणि तिच्या पाठोपाठ एक उपायही सुचविला जातो: वाढत्या मजुरीचा भार पेलण्यासाठी शेतकऱ्याला करात सवलत द्यावी. वरवर पाहता हा उपाय निरुपद्रवी, किंबहुना न्याय्य वाटतो. मजुराला वेतन मिळेल, शेतकऱ्याला दिलासा मिळेल आणि कोणाचे काही जाणार नाही, असे त्याचे स्वरूप आहे. परंतु ज्या उपायात कोणाचेच काही जात नाही, त्यात गरिबालाही सहसा काही मिळत नाही.

हा उपाय पारखण्यासाठी बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांसारखी दुसरी जागा नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर येथे ऊस उभा राहिला; माळेगाव, सोमेश्वरनगर आणि भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. इंदापूरच्या माळावर द्राक्ष-डाळिंबाच्या बागा आल्या. त्याच वेळी सुपे-मोरगावचा जिरायती पट्टा पावसाकडे डोळे लावून बसलेलाच राहिला. उसाची लागण आणि बांधणी, द्राक्षाची विरळणी, डाळिंबाची छाटणी ही सारी कामे माणसाच्या हातांनीच होतात. तेव्हा मजुरीचा खर्च हा येथील शेतकऱ्याच्या हिशेबातला मोठा आकडा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. तीन-चार एकरांचा धनीदेखील ऐन हंगामात मजूर लावतो आणि बाजारात भाव कोसळला की मजुरी कोठून द्यावी या विवंचनेत पडतो. त्याची अडचण खरी आहे. प्रश्न इतकाच, की करसवलतीने ती दूर होते काय?

ज्यावर कर नाही त्यात सवलत कसली? शेतीचे उत्पन्न केंद्रीय आयकरातून मुक्त आहे. घटनेने शेती-उत्पन्नावरील कराचा विषय राज्यसूचीत घातला आहे. या उत्पन्नावर आणि संपत्तीवर कर कसा बसवावा याचा विचार करण्यासाठी १९७२ साली डॉ. के. एन. राज यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल त्याच वर्षी आला आणि फडताळात गेला. तेव्हा मजुरीपोटी कराची वजावट मिळाली तर ती लहान शेतकऱ्याच्या हाती पडणार नाही. शेतीखेरीज व्यापार, ठेकेदारी, वाहतूक यांचे उत्पन्न असलेला आणि त्यावर कर भरणारा जो वर्ग आहे, त्याच्याच ती उपयोगी पडेल.

यावर परदेशांचे दाखले दिले जातात. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने २०१६ साली किमान वेतन टप्प्याटप्प्याने वाढविण्याचे ठरविले, तेव्हा शेतमालकांना पात्र मजुरामागे ठरावीक रकमेची करसूट देऊ केली. २०२२ साली ती मजुरामागे १,२०० डॉलर करण्यात आली. देय करापेक्षा सूट अधिक भरली तर उरलेली रक्कम सरकार रोख परत करते. म्हणजे नावाने ती करसूट असली तरी वस्तुतः ते अनुदान आहे. शिवाय ते मजुराच्या नोंदलेल्या वेतनपत्रकावर उभे आहे. आपल्याकडे शेतमजुराची हजेरी मुकादमाच्या वहीत किंवा मालकाच्या स्मरणात असते. तेथील कायद्याची नक्कल करावयाची तर ती हजेरीपत्रकापासून करावी लागेल.

सरकारला करात सवलत देता येत नाही असे मुळीच नाही. आयकर कायद्यात उद्योगांना नव्या कामगारांच्या वेतनखर्चापोटी ३० टक्क्यांची जादा वजावट तीन वर्षे मिळण्याची सोय आहे. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सहकारी साखर कारखान्यांना, २०१६-१७ च्या आकारणी वर्षापूर्वी शेतकऱ्यांना दिलेला उसाचा जादा दर खर्च म्हणून दाखविण्याची मुभा देण्यात आली. त्यातून सुमारे १०,००० कोटी रुपयांचा दिलासा मिळेल असे सांगण्यात आले. शेतकऱ्याला दिलेला भाव म्हणजे कारखान्याचा नफा नव्हे, ही भूमिका रास्तच होती. परंतु एवढ्या मोठ्या दिलाशाला ऊसतोड मजुराच्या वेतनाची एकही अट जोडावी असे कोणाला वाटले नाही.

साखरपट्ट्यात मजुरीवाढीचा भार खाली कसा ढकलला जातो, हेही पाहिले पाहिजे. बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून नवरा-बायकोचा एक कोयता मुकादमाकडून उचल घेऊन निघतो आणि थंडीच्या दिवसांत उसाच्या फडात येऊन पडतो. त्याचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नसते. जानेवारी २०२४ मध्ये वाटाघाटी होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. ती मजुराच्या हक्काचीच होती. परंतु तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या रास्त व किफायतशीर दरातून वजा होतो. म्हणजे वाढ अखेर ऊस उत्पादकाच्या बिलातून कापली जाते. साखरेबरोबर मद्यार्क, इथेनॉल आणि वीज विकणारा कारखाना मध्ये नामानिराळा राहतो. मग तीन एकरांच्या शेतकऱ्याला वाटते की आपले पैसे कोयत्याने नेले, आणि कोयत्याला वाटते की आपली मजुरी शेतकऱ्याने अडविली. दोन गरिबांचे हे भांडण ज्यांच्या सोयीचे आहे, तेच त्यावर करसवलतीचा उतारा सांगतात.

महाराष्ट्राला याहून चांगला मार्ग ठाऊक आहे. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेसाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला आणि १९७७ साली योजनेचा कायदा झाला. शहरातील पगारदाराने आणि व्यावसायिकाने कर भरावयाचा आणि त्यातून खेड्यातील मजुराला काम व दाम मिळावयाचे, असे ते सूत्र होते. मजुरीचा भार समाजाने वाटून घेण्याचे ते उदाहरण आहे. १९८८ साली हमीच्या कामावरील मजुरी दुप्पट झाली, तेव्हाही शेती बुडेल अशी भाकिते झाली. शेती बुडाली नाही.

आज वारे उलटे वाहत आहे. मनरेगाच्या जागी डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जो कायदा संमत केला, त्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ करण्यात आले. पण पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात वर्षातून ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूदही झाली. ज्या दिवसांत मजुराला चार पैसे अधिक मागण्याची संधी असते, नेमक्या त्याच दिवसांत त्याचा पर्याय काढून घ्यावयाचा, याला शेतकऱ्याचे हित म्हणता येत नाही.

तेव्हा मागणी करावयाची ती करसवलतीची नव्हे, थेट मजुरी साह्याची. किमान वेतन पूर्ण देणाऱ्या लहान शेतकऱ्याला त्या वेतनाचा काही हिस्सा सरकारने द्यावा. मजुरी मजुराच्या खात्यात जमा झाली पाहिजे आणि बाईला पुरुषाइतकीच मिळाली पाहिजे, या त्याच्या अटी असाव्यात. लहान कोणाला म्हणावे याचे माप कायद्यातच आहे. कमाल जमीन धारणा कायद्याने बारमाही बागायतीला १८ एकर आणि जिरायतीला ५४ एकर अशी मर्यादा घातली. तेच एकास तीनचे प्रमाण येथेही धरावे, म्हणजे सुप्याच्या जिरायतदारावर कालव्याकाठच्या मापाने अन्याय होणार नाही. तोडणी मजुराला कारखान्याच्या हजेरीपटावर घ्यावे आणि मजुरीवाढीचा वाटा उपपदार्थांच्या उत्पन्नातून द्यावा. उरलेल्या निधीसाठी मोठ्या शेती-उत्पन्नावर कर बसवावा.

खोट्या हजेऱ्या लागतील, पैसे मधल्यामध्ये मुरतील, अशी शंका घेतली जाईल. ती निराधार नाही. परंतु गावात कोण कोणाच्या रानात राबतो हे गावाला ठाऊक असते. यादी ग्रामसभेत वाचली गेली आणि मजुरांची संघटना तेथे उभी राहिली, तर खोटी नावे टिकणार नाहीत.

मजुराला कमी देऊन लहान शेतकरी कधी तरला नाही; कमी मजुरीचा लाभ शेवटी व्यापारी आणि कारखानदार भाव पाडून काढून घेतो. बांधाच्या दोन्ही बाजूंना राबणाऱ्यांनी हे ओळखले, तर कारखान्याच्या दारात भाव आणि मजुरी या दोन्हींची मागणी एकाच मोर्चाने नेता येईल. त्या मोर्चाची बांधणी बारामती-इंदापूरच्या गावागावांत करणे, हेच समाजवादी कार्यकर्त्यांपुढील काम आहे.