निरोपाचा रस कोणता?

वियोग म्हटला की विप्रलंभ शृंगार, मृत्यू म्हटला की करुण आणि संत म्हटला की भक्ती, हे समीकरण मराठीच्या वर्गात वर्षानुवर्षे घोकले जात आहे. मित्राचा निरोप या समीकरणात बसत नाही. आमच्या मते हा दोष अनुभवाचा नसून समीकरणाचा आहे.

चिनी कवितेने हा निरोप गौण मानला नाही. तांग काळात (६१८-९०७) राजसेवेतील नेमणुका, बदल्या, हद्दपारी आणि युद्धे यांनी स्नेही दूरदूर विखुरले जात. निरोप देताना विलोची फांदी मोडून हाती देण्याची रीत होती, कारण चिनी भाषेत ‘विलो’ आणि ‘थांब’ या शब्दांचे उच्चार जवळचे आहेत. ली पो आणि दू फू यांची भेट ७४४ साली झाली. पुढच्याच वर्षी ते दुरावले ते कायमचे. दू फू मात्र नंतरही त्या मित्रावर कविता लिहीत राहिला. या परंपरेत तारुण्य सरल्याची खंत आणि मित्र दुरावल्याची खंत वेगळ्या काढता येत नाहीत, कारण आपले तारुण्य ज्याने पाहिले तोच निघून जात असतो. अशा कवितेला केवळ ‘शांत निसर्गचित्र’ म्हणून गौरवणे म्हणजे तिच्यातला माणूस पुसून टाकणे होय.

असे काही आपल्याकडे नाही, असे म्हणणाऱ्यांनी नामदेवांची गाथा उघडावी. तीर्थावळीत दोन मित्रांचा सहप्रवास आहे. समाधीच्या अभंगांत त्याच मित्राचा निरोप आहे. १२९६ साली आळंदीला समाधी घेणारे ज्ञानदेव अवघे एकवीस वर्षांचे, तर मागे उरणारे नामदेव त्यांच्याहून पाचच वर्षांनी मोठे. या अभंगांच्या कर्तृत्वाविषयी मतभेद आहेत हे मान्य. परंतु परंपरेने हा शोक नामदेवांच्याच मुखी घातला, याला काही अर्थ आहे की नाही? परीक्षेत मात्र ‘भक्तिभाव स्पष्ट करा’ एवढेच विचारले जाते.

शास्त्राधार हवा असेल तर तोही आहे. नवव्या शतकात रुद्रटाने ‘प्रेयान्’ हा रस सांगितला. त्याचा स्थायिभाव स्नेह. पुढे अभिनवगुप्ताने स्नेहाला स्वतंत्र रसाचे स्थान नाकारले, आणि तोच निकाल अंतिम समजून आपण स्वस्थ बसलो.

हा केवळ नामकरणाचा वाद नाही. केमच्या स्थानकावरून मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्याची गाडी धरतात आणि बरोबरीचे सोबती फलाटावर उरतात. लग्नानंतर पांगणाऱ्या मैत्रिणींना जात्यावरच्या ओवीने जागा दिली होती. वर्गात त्या ओवीतले सासर-माहेर तेवढे पोचले. ज्या अनुभवातून आपले विद्यार्थी रोज जात आहेत, त्याला साहित्यशास्त्राच्या वर्गात नाव नसेल, तर ते शास्त्र आपण शिकवतो तरी कोणासाठी?

समाधीचे अभंग आणि दू फूची कविता एकाच तासाला, शेजारी शेजारी वाचावीत. आणि पहिला प्रश्न भक्तीविषयी नव्हे, मैत्रीविषयी विचारावा.