पोराने पगार किती मागावा?

उमापुरात व गेवराई तालुक्यातील इतर गावांत पदवीधरांचे पीक अलीकडे कपाशीपेक्षा दाट येऊ लागले आहे. कपाशीला निदान बाजारभाव तरी असतो. पदवीला तोही नाही. पोराने पंधरा हजार मागितले, की पारावरचे शहाणे आणि खुर्चीवरचे मालक एकाच सुरात विचारतात, "तुझा बाप महिन्याला किती मिळवतो रे?" पोर मान खाली घालते आणि आठ हजारांवर सही करून मोकळे होते. या प्रश्नाचा समाचार घेणे आज आम्हांस अवश्य वाटते.

बापाची मिळकत किती, ते आम्हीच सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीचा दर टनामागे २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. एक कोयता म्हणजे नवराबायको अशी दोन माणसे, हे बीड जिल्ह्यात कोणास सांगावयास नको. या कोयत्याने दिवसाला दोन टन ऊस तोडला आणि पाच महिन्यांत एकही खाडा केला नाही असे धरले, तरी १,०९,८०० रुपये होतात. बारा महिन्यांवर वाटले तर महिना ९,१५०, आणि तेही दोघांचे! त्यातून मुकादमाची उचल फिटावयाची. साऱ्या देशाचा हिशेबही याहून फार निराळा नाही. सरकारच्या २०१८-१९ च्या पाहणीत शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघाले. त्यात पिकाचे ३,७९८ आणि मजुरीचे ४,०६३. म्हणजे ज्याला आपण पोशिंदा म्हणून हार घालतो, तो शेतापेक्षा दुसऱ्याच्या कामावरच अधिक जगतो.

आता हाच आकडा तागडीत टाकून पोराचा पगार तोलावयाचा, हा कोठला न्याय? बाप नाडला गेला, तेव्हा पोरालाही नाडावे, आणि उद्या नातवाला या पोराचा दाखला द्यावा, असा हा कारभार आहे. शिवाय तोडणीवाल्याला फडाच्या कडेला कोप घालून राहता येते. पुण्यास किंवा बीडला गेलेल्या कारकुनास कोण कोप घालू देणार? त्याला खोलीचे भाडे पहिल्या तारखेस द्यावे लागते.

इ.स. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी हा प्रश्न सोडविला होता. शिकून तयार झालेल्या मास्तरास महिना बारा रुपयांहून कमी देऊ नये, मोठ्या गावी पंधरा ते वीस द्यावेत, असे त्यांनी मागितले. आणि मास्तर कसा हवा, तर नांगराची रुमणी धरावयास न लाजणारा. त्याच सुमारास 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या जोतीरावांस कुणब्याची मिळकत ठाऊक नव्हती, असे कोण म्हणेल? पण कुणबी उपाशी आहे, तेव्हा कुणब्याच्या मास्तरानेही अर्धपोटी राहावे, असे त्यांनी म्हटले नाही.

आमच्या सरकारास मात्र अर्धपोटी मास्तर फार वर्षे चालला. प्राथमिक शाळेचा शिक्षणसेवक सहा हजारांवर राबत होता. जानेवारी २०२३ पासून त्याचे सोळा हजार झाले. शेजारच्या वर्गातील कायम मास्तराचे मूळ वेतनच २९,२०० पासून सुरू होते. काम तेच, फळाही तोच. पुढे २०२४ साली कार्यप्रशिक्षणाची योजना निघाली, तीत पदवीधरास महिना दहा हजार ठरले. विद्यावेतन म्हणून ते ठीक असेल. पण मालकांनी तो आकडा पदवीचा भावच समजून उचलला.

आणि हे मालक कोण? पूर्वी आम्ही बोट दाखवीत असू ते दुसऱ्यांकडे. आता शाळा आमच्या, पतसंस्था आमच्या, कारखाने आमचे. खुर्चीवर आमचाच पाव्हणा. तरी पगारपत्रकावर एक आकडा आणि हातात दुसरा, हा खेळ संपला नाही. मुलगी असेल तर "तुला कुठे घर चालवायचंय?" म्हणून आणखी दोन हजार कापावयास हे पाव्हणे मोकळे!

पण आमच्या तरुणांसही दोन शब्द ऐकावे लागतील. भरतीची वाट पाहत पाच-पाच वर्षे शहरात खोली धरून बसावयाचे आणि मधल्या काळात मिळेल ती नोकरी हलकी म्हणून नाकारावयाची, यातील खर्च आई कोयत्यावर फेडते. तसेच पॅकेजचा मोठा आकडा ऐकून हुरळू नये. त्यात मालकाच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी व ग्रॅच्युइटीही मोडते. २०२४ साली एका बड्या संगणक कंपनीने साध्या पदवीधरास वर्षाला २ लाख ५२ हजार देऊ केले, तेव्हा शहरांत मोठे हसे झाले. उमापूरकराने हसण्याआधी पाटी घ्यावी.

पुण्यात खोलीचा वाटा साडेचार हजार, खानावळ साडेतीन, बस, फोन, औषधपाणी मिळून तीन, असे धरू. झाले अकरा. त्यावर घरी ९,१५० पाठविले, तरच आईबापांचा कोयता यंदा खुंटीवर राहील. म्हणजे वीस हजारांवर हातात हवेत, आणि शिक्षणाचे कर्ज असेल तर त्याचा हप्ता निराळा. ते २ लाख ५२ हजार म्हणजे महिना एकवीस. कपात गेल्यावर जेमतेम. तेव्हा पुण्यात बावीस-तेवीस हजार मागणारा आमचा मुलगा हावरट नाही. बीड-गेवराईत राहणे स्वस्त. तेथे सात हजारांत भागले तर सोळाला हो म्हणावे, आठाला म्हणू नये. आणि पुण्याच्या पंचविसापेक्षा बीडचे अठरा कित्येकदा जड भरतात, हेही ताडून पाहावे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या असून त्यांत नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे. ते मागावे, पगार बँकेतच घ्यावा. उमापूर परिसरातील जे संस्थाचालक व दुकानदार आपल्याकडील पगाराचे खरे आकडे लिहून कळवतील, ते आम्ही पुढील अंकी छापू. पान तीनवर जागा राखून ठेवली आहे.