नेमका उपचार ही श्रीमंतांची चैन नाही

प्रिसिजन मेडिसिनला, म्हणजे रुग्णाची जनुके, त्याच्या आजाराचा नेमका प्रकार आणि त्याच्या शरीराची औषध पचवण्याची पद्धत पाहून ठरवलेल्या उपचाराला, आपल्याकडे सर्वांत जोरदार विरोध सज्जनांकडून होतो. त्यांत गावोगावी राबलेले डॉक्टर आहेत, सार्वजनिक आरोग्य चळवळीतले कार्यकर्ते आहेत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : जिथे प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, गरोदर बाईच्या अंगात रक्त नाही आणि पिण्याचे पाणी स्वच्छ नाही, तिथे जनुकांच्या गोष्टी काय करता? समाजाचे आरोग्य सुधारते ते सगळ्यांना लागू पडणाऱ्या साध्या उपायांनी. एकेका माणसाचा जनुकनकाशा वाचून ते सुधारत नाही.

हा पूर्वपक्ष दुबळा नाही. जेफ्री रोझ या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाने १९८५ मध्येच दाखवले होते की मोजक्या जास्त धोक्याच्या माणसांवर उपचार करण्यापेक्षा साऱ्या समाजाचा धोका थोडासा कमी केला, तर अधिक जीव वाचतात. ओबामांनी २०१५ मध्ये प्रिसिजन मेडिसिनचा राष्ट्रीय कार्यक्रम गाजावाजा करून जाहीर केला. त्यानंतर तीन वर्षांनी अमेरिकेतल्या पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांचा हिशेब मांडला गेला, तेव्हा जनुकदोष पाहून दिल्या जाणाऱ्या औषधांना पात्र ठरणारे जेमतेम ८ टक्के आणि प्रत्यक्ष लाभ होणारे ५ टक्क्यांच्याही आत निघाले. सिकलसेलवरच्या जनुकसंपादनाच्या उपचाराला अमेरिकेत २०२३ च्या डिसेंबरात मान्यता मिळाली आणि त्याची किंमत ठरली २२ लाख डॉलर. गडचिरोली-नंदुरबारच्या पाड्यांवर सिकलसेलने तळमळणारे मूल ज्याने पाहिले आहे, त्याला या आकड्याने संताप आला तर तो संताप रास्तच आहे.

तरीही निष्कर्ष चुकीचा आहे. विरोधक या शास्त्राच्या सर्वांत महागड्या टोकाकडे पाहतात आणि तेच सगळे शास्त्र असे धरून चालतात. 

रक्तपेढीत बाटली जुळवून पाहिल्याशिवाय रक्त चढवत नाहीत, याला कोणी चैन म्हणत नाही. पण व्यक्तीनुसार उपचाराचा याहून शुद्ध नमुना दुसरा कोणता? लँडस्टायनरने १९०१ मध्ये रक्तगट मांडले आणि माणसाचे रक्त एकसारखे असते हा समज संपला. या कथेतला पुढचा धडा तर मुंबईने जगाला दिला. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये असे रुग्ण नोंदवले, ज्यांना कोणत्याच नेहमीच्या गटाचे रक्त चालेना. नेहमीच्या तपासणीत हा ‘बॉम्बे’ गट ओ म्हणून दिसतो. पण या लोकांच्या पेशींवर एच प्रतिजन नसते, रक्तद्रवात त्याविरुद्धची प्रतिपिंडे असतात, आणि ओ गटाचे रक्त चढवले तर जीव जाऊ शकतो. युरोपात लाखांत शोधूनही न सापडणारा हा गट भारतात साधारण दहा हजारांत एकाचा असतो. बहुतेकांना चालते ते सर्वांना चालेल, या गृहीतकाची किंमत कोण चुकवतो ते इथे दिसते. ती भारतीय माणूस चुकवतो, कारण ते ‘बहुतेक’ बहुधा दुसऱ्या देशात मोजलेले असतात.

आता क्षयरोगाकडे या. गरिबांचा आजार म्हणून तो विरोधकांच्याच बाजूचा साक्षीदार मानला जातो. अनेक वर्षे आपल्याकडे पद्धत अशी होती की थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, जंतू दिसले की सर्वांना ठरलेली चार औषधे सुरू करायची. आजार उलटला किंवा औषधे लागू पडली नाहीत, तर त्याच औषधांत स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनांची भर घालून पुन्हा काही महिने. जंतू रिफॅम्पिसिनला दाद देतो की नाही हे आधी पाहण्याची सोयच नव्हती. कल्चरचा अहवाल यायला आठवड्यांमागून आठवडे जात. फसलेल्या औषधांत एकच नवे औषध घालायचे नाही, हा क्षयरोगशास्त्रातला पहिला नियम. सगळ्यांना एकच माप लावणारी ही पद्धत नेमका तोच नियम मोडत होती. जंतू एकेका औषधाला सरावत गेला, रुग्ण घरी खोकत राहिला आणि घरातल्यांना तोच सरावलेला जंतू मिळाला. २०१२ च्या सुरुवातीला मुंबईतल्या डॉक्टरांनी जवळपास कोणत्याच औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाचे रुग्ण जाहीर केले आणि देश हादरला. ते आकाशातून पडले नव्हते.

मग सीबीनॅट हे यंत्र आले. थुंकीतल्या जंतूचे जनुक तपासून सुमारे दोन तासांत दोन उत्तरे : क्षय आहे का, आणि रिफॅम्पिसिन चालेल का. त्यानंतर गोव्यातल्या कंपनीने घडवलेले ट्रूनॅट आले. बॅटरीवर चालणारे, उचलून नेता येणारे हे यंत्र जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मान्य केले. आज एखाद्या ग्रामीण रुग्णालयात ऊसतोड कामगाराची थुंकी या यंत्रात जाते आणि त्याला चार औषधांची साधी वाट की एमडीआरची, म्हणजे अनेक औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाची, वेगळी वाट हे ठरते. याला कोणी प्रिसिजन मेडिसिन म्हणत नाही, कारण तिथे वातानुकूलित खोली नाही आणि चकचकीत अहवाल नाही. पण जनुक वाचून औषध ठरवणे म्हणजे हेच, आणि तेही फुकट.

यावर एक आक्षेप येईल : हे जनुक जंतूचे आहे, माणसाचे नाही. खरे आहे. पण फुप्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआर हे जनुक तपासतात, तेही गाठीतच घडलेल्या बदलासाठी. रुग्णाला ते आईबापांकडून मिळालेले नसते. प्रश्न या रुग्णाच्या शरीरात नेमके काय चालले आहे आणि त्याला कोणते औषध लागेल, एवढाच असतो. शिवाय क्षयातही माणसाचे जनुक येतेच. आयसोनियाझिड हळू पचवणारे लोक भारतीयांत फार मोठ्या संख्येने आहेत आणि औषधाने यकृताला इजा होण्याचा धोका त्यांना अधिक असतो.

उरला पैशाचा मुद्दा. रक्ताच्या एका कर्करोगात, सीएमएलमध्ये, २२ व्या गुणसूत्रातला दोष १९६० मध्ये सापडला आणि त्या दोषातून तयार होणाऱ्या एकाच प्रथिनावर नेम धरणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ मध्ये आली. जो आजार काही वर्षांत माणूस नेत असे, त्यात लोक आता गोळी घेत कामावर जातात, नातवंडे पाहतात. मूळ कंपनीची ही गोळी महिन्याला सव्वा लाखाच्या आसपास पडे. भारतीय कंपन्यांची आठ-दहा हजारांत मिळे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारले आणि स्वस्त गोळीची वाट मोकळी राहिली. गोळी तीच, आजार तोच, जनुकदोष तोच. महाग होते ते पेटंट. मुंबई आयआयटी आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून उभ्या राहिलेल्या, रुग्णाच्याच पेशी काढून, बदलून परत देणाऱ्या कार-टी उपचाराला २०२३ च्या ऑक्टोबरात मान्यता मिळाली. अमेरिकेत तीन-चार कोटींना पडणारा हा उपचार इथे चाळीस लाखांच्या घरात आला. चाळीस लाखही शेतकऱ्याच्या आवाक्यातले नाहीत, हे मला मान्य आहे आणि ते टोचते. पण किंमत माणसे ठरवतात आणि माणसे ती उतरवू शकतात, एवढे यातून सिद्ध होते. महाग आहे म्हणून शास्त्रच नको, असे म्हणणारे नकळत ते श्रीमंतांच्या ताब्यात देऊन टाकतात.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींशीही भांडले पाहिजे, कारण या शास्त्राची बदनामी त्यांनीच अधिक केली. नळीत थुंका आणि मुलाने कोणता खेळ खेळावा, तुम्ही भात खावा की भाकरी, साठीनंतर काय होईल ते जाणून घ्या, असे सांगून हजारो रुपये घेणारे अहवाल शहरांत विकले जातात. अशा भाकितांमागचे जनुक-अभ्यास झाले कोणावर? २०१८ पर्यंत अशा अभ्यासांत सहभागी झालेल्यांपैकी ७८ टक्के युरोपीय वंशाचे होते. त्यांच्यावरून काढलेले भाकीत सातारच्या किंवा यवतमाळच्या माणसाला लावणे म्हणजे पुन्हा ‘बहुतेकांना चालते’ हीच चूक, फक्त रंगीत छपाईत. आणि प्रकृतीभेद आयुर्वेदाने आधीच सांगितला होता, असे म्हणून जे या चर्चेवर पडदा टाकतात, त्यांना एवढेच : शरीरे वेगळी असतात हे पूर्वजांनी ओळखले, ते मोलाचे आहे. पण कोणत्या माणसाला कोणते औषध बाधेल हे आधी सांगून, मग मोजून पडताळावे लागते. त्या पडताळ्याची उणीव आदराने भरून निघत नाही.

जातीवरून अंदाज बांधण्याचीही एक सवय आहे. आर्य वैश्य समाजात, जो नांदेडपासून चंद्रपूरपर्यंत पसरलेला आहे, एका विकराची कमतरता इतरांपेक्षा जास्त आढळते. अशा माणसाला भुलीच्या वेळी सक्सिनिलकोलीन दिले तर स्नायू तासन्‌तास सैल राहतात, श्वास यंत्रावर चालवावा लागतो. म्हणून भूलतज्ज्ञ समाज विचारतात, आणि आज तपासणी हाताशी नसताना ते बरोबर करतात. पण त्या समाजातल्या बहुसंख्यांत हा दोष नसतो आणि बाहेरच्यांत तो असू शकतो. जातीवर थांबलेले वैद्यक अर्ध्या वाटेवर थांबलेले असते. त्या एका माणसाचे रक्त तपासेपर्यंत पुढे गेले पाहिजे.

मग मागायचे काय? मलेरियापासून सुरू करू. व्हायवॅक्स मलेरिया पुन्हा उलटू नये म्हणून चौदा दिवस प्रायमाक्विन देतात. जी६पीडी विकर कमी असलेल्यांत या गोळीने तांबड्या पेशी फुटतात. हा दोष १९५६ पासून ठाऊक आहे, पुरुषांत अधिक दिसतो, आपल्या कित्येक आदिवासी समाजांत त्याचे प्रमाण जास्त आहे. तरी गोळी बहुधा तपासणीशिवाय दिली जाते आणि लघवी काळपट झाली तर गोळ्या थांबवा, असे सांगितले जाते. म्हणजे तपासणी रुग्णाने स्वतःच्या शरीरावर करायची. बोटातल्या थेंबभर रक्तावर होणारी चाचणी उपलब्ध असताना हे चालू देऊ नये. प्रिसिजन मेडिसिनची पहिली जागा हीच आहे.

सिकलसेलमध्ये वाट थोडी बरी दिसते. १ जुलै २०२३ ला शहडोल येथे राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले गेले. पाश्चात्य देशांत हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवरचे औषध जास्त मात्रेने सुरू करून सोसेल तितके वाढवत नेतात. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात मुलांवर झालेल्या अभ्यासात दर किलो वजनामागे रोज १० मिलिग्रॅमची ठरावीक मात्राही वेदनेचे झटके कमी करते असे दिसले. कमी मात्रेत रक्ततपासण्यांचा खर्च आणि फेऱ्या वाचतात. आपल्या रुग्णांवर आपण अभ्यास केला की असे हाती लागते. मोहिमेत दिल्या जाणाऱ्या, तपासणीचा निकाल सांगणाऱ्या कार्डांची मात्र मला काळजी वाटते. वाहक मुलीचे कार्ड तिच्या लग्नाच्या आड येता कामा नये, आणि ते केवळ समुपदेशनाच्या पत्रकाने साधणार नाही. ही माहिती कोण पाहू शकतो आणि कोण नाही, याचा पक्का कायदा हवा.

हृदयविकारात क्लोपिडोग्रेल ही रोजची गोळी. लंडनमधल्या दक्षिण आशियाई लोकांच्या मोठ्या अभ्यासात निम्म्याहून अधिकांत तिला पूर्ण क्षमतेने काम करू न देणारे जनुकभेद आढळले. अँजिओप्लास्टीवर लाखभर खर्च करणाऱ्या घराला ही तपासणी कोणी सुचवतही नाही. फेफऱ्यावरच्या कार्बामाझेपिनने काही जणांची कातडी भाजल्यासारखी सोलवटते. तैवानमध्ये ४,८७७ रुग्णांची एचएलए या जनुकाची तपासणी आधी झाली, धोक्याचे जनुक असलेल्या ७.७ टक्के लोकांना दुसरे औषध दिले आणि तो भयंकर प्रकार एकालाही झाला नाही. थायलंडने ही तपासणी सरकारी आरोग्य योजनेत घेतली. भारतात या जनुकाचे प्रमाण कमी आणि प्रदेशागणिक वेगळे आहे, म्हणून ती इथे सरसकट करा असे मी म्हणत नाही. कुठे करायची ते आधी शोधा. त्याचा पाया तयार आहे : जीनोम इंडिया प्रकल्पात ८३ लोकसमूहांतल्या सुमारे दहा हजार माणसांचे जनुकनकाशे वाचले गेले आणि २०२५ च्या जानेवारीत ते संशोधकांना खुले झाले.

आणि ज्यांना अजूनही खर्चाची धास्ती वाटते त्यांच्यासाठी एक हिशेब. साखर, रक्तदाब पुन्हा पुन्हा मोजावे लागतात. जी६पीडीचे, क्लोपिडोग्रेल पचवणाऱ्या विकराचे, कार्बामाझेपिनच्या धोक्याचे जनुक जन्मभर तेच राहते. माणसाच्या आयुष्यात एकदाच तपासायचे आणि रक्तगटाच्या शेजारी केसपेपरवर लिहून ठेवायचे. पुढे तो कोणत्याही तालुक्यात, कोणत्याही डॉक्टरसमोर गेला तरी उत्तर तयार असेल.