गिरणीतल्या बाईला बाहेर कोणी काढले?

१/ मागच्या धाग्याखाली एक आक्षेप वारंवार आला : ‘यंत्रावरचे काम बायकांचे नव्हेच, इतिहासात त्या तिथे कधी नव्हत्या.’ इतिहासाची साक्ष काढलीच आहे, तर ती पुरती ऐकू या.

२/ १९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा कामगार स्त्रिया होत्या. रत्नागिरीतून तशाच आपल्या सातारा जिल्ह्यातूनही माणसे या गिरण्यांत जात. स्त्रिया मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत असत. तिथे भरती करणारी आणि देखरेख ठेवणारीही बाईच. तिला ‘नायकीण’ म्हणत. (नायकिणी पुरुष मुकादमांसारखीच लाचही घेत. उगाच देव्हारा नको.)

३/ मग त्या घटल्या कशा? १८९१ च्या कायद्याने स्त्रियांचे काम ११ तासांवर आणले, रात्रीच्या कामावर निर्बंध घातले. हेतू संरक्षणाचा होता. पण गिरण्या रात्रपाळीवर गेल्या तेव्हा बाई मालकाला गैरसोयीची ठरली. ‘रॅशनलायझेशन’च्या नव्या यंत्रांनी तिचीच खाती आकसली, आणि साचे तर तिला कधी कोणी शिकवलेच नव्हते.

४/ १९२९ चा मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा न्याय्यच होता. मात्र खर्च मालकावर पडला आणि बाई ‘महाग’ झाली. १९२८ मध्ये कायदेमंडळात विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असे सांगितले होते. ते ऐकले गेले नाही.

५/ १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची सक्ती होती, पण पन्नासहून अधिक स्त्रिया असतील तरच. पाळणाघर नसताना पन्नास जणी जमायच्या कशा, हे कोणी विचारले नाही.

६/ १९७४ ची टेल्कोची जाहिरात आणि सुधा मूर्तींचे जे. आर. डी. टाटांना गेलेले पोस्टकार्ड ही गोष्ट आपल्याला फार आवडते, कारण तिच्यात दार एका पत्राने उघडते. तीन पाळ्यांत उभ्या राहणाऱ्या फिटर मुलीचे काम पोस्टकार्डावर भागत नाही.

७/ २०१७ मध्ये प्रसूती रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली. राज्य विमा योजनेबाहेरच्या कामगार स्त्रीचा खर्च अजूनही मालकाच्याच माथी आहे. २०२० च्या संहितेने संमती आणि सुरक्षेच्या अटीवर रात्रपाळी खुली केली. आता कोरेगावहून सातारा एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला गेलेली मुलगी मध्यरात्री कोणत्या गाडीने परतणार, याचे उत्तर आक्षेपकर्त्यांनी द्यावे.