झाडूचं वतन

पगार किती, हे विचारून माणसाची पत कळत नाही. पगाराशिवाय काय मिळतं ते विचारा. मालक त्याला माणूस समजतो की फावडं, ते लगेच कळतं.

बँकेतला साहेब रिटायर होतो तेव्हा फंड, ग्रॅच्युइटी घेऊन घरी जातो. त्याचा पोरगा इंजिनिअर होवो, नाटकवाला होवो, नाहीतर काहीच न होवो, बापाच्या फंडाला त्याचं सोयरसुतक नसतं. बाप राबला, बापाला मिळालं. हिशेब मिटला.

मुंबई महापालिकेच्या सफाई खात्यात हा हिशेब मिटत नाही. तो पोराच्या डोक्यावर चढतो.

इथल्या कायम झाडूवाल्याला एक खास सवलत आहे. वारसा हक्क. चौकीवर त्याला 'पीटी केस' म्हणतात. बाप मेला, आजारानं निकामी झाला, रिटायर झाला, की त्याच्या जागी बायको नाहीतर पोरगा लागतो. लाड-पागे समितीच्या शिफारशींवर हे उभं आहे. २०२३ सालीही सरकारनं नवा शासन निर्णय काढून ह्या तरतुदी पुन्हा मांडल्या. वरून बघितलं तर केवढी दया! पण नीट बघा दोस्तहो. जागा कुठली मिळते? बहुतेक वेळा बापाचीच. म्हणजे झाडूची.

आणि ह्या सवलतीला दुसरी सवलत शिवलेली आहे. खोली. महापालिकेची चाळ, सेवानिवासस्थान. खोली नावावर नाही. नोकरी आहे तोवर खोली, नोकरी संपली की बिऱ्हाड रस्त्यावर. ह्या शहरात भाड्याची खोली झाडूवाल्याच्या पेन्शनीत बसते काय? मग घरात शिकलेला पोरगा असतो. बी. ए. झालेला. त्याला आई एवढंच विचारते, 'खोली जाईल रे, काय करू?' पोरगा डिग्री ट्रंकेत टाकतो आणि पहाटे हजेरी चौकीवर उभा राहतो. त्याला कोणी मारलं नाही, कोणी गावाबाहेर काढलं नाही. फक्त डोक्यावरचं छप्पर झाडूच्या दांड्याला बांधून ठेवलं.

हे आपल्याला नवीन आहे काय? आज्या-पणज्यांना आठवा. महार वतन म्हणजे दुसरं काय होतं? सरकारी कामगाराचं टपाल पोचवा, चावडीवर राबा, मेलेली ढोरं ओढा, रात्र म्हणू नका दिवस म्हणू नका. बदल्यात वतनी जमिनीचा तुकडा आणि दारोदारचं बलुतं. पिढ्यान् पिढ्या. जमिनीचा तुकडा सुटत नव्हता म्हणून गुलामी सुटत नव्हती. लाभ आणि बेडी एकाच लोखंडाची.

१९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी दोन कामं केली. एक, वतन कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं. दोन, कामगार बायांच्या बाळंतपणाच्या भत्त्याच्या बिलाला पाठिंबा दिला. ही दोन्ही एका वर्षातली कामं शेजारी शेजारी ठेवून बघा. बाळंतपणाचा भत्ता बाईला मोकळं करणारा, म्हणून तो पाहिजे. बाईच्या श्रमावर मालक नफा कमावतो, तर भारही त्यानं उचलावा, असं बाबासाहेबांचं म्हणणं. आणि वतन बांधून ठेवणारं, म्हणून ते तोडलं पाहिजे. पण तोडायचं कसं? जमीन टाकून पळा, असं त्यांनी सांगितलं नाही. पूर्ण सारा भरू, जमीन ठेवू, चाकरी सोडू, अशी वाट त्या बिलात होती. ते बिल तेव्हा मंजूर झालं नाही. कनिष्ठ वतनं कायद्यानं मोडायला १९५८ साल उजाडलं.

वतन गेलं म्हणून आपण ढोल वाजवले. ते शहरात येऊन चौकीच्या रजिस्टरात बसलं, ते आपल्याला दिसलं नाही.

आता त्याच रस्त्यावरचा दुसरा झाडू बघा. कंत्राटी. ह्याला वारसा नाही, खोली नाही, काहीच नाही. १९४८चा ईएसआय, १९५२चा प्रॉव्हिडंट फंड, आपली पँथर उभी राहिली त्याच १९७२ सालचा ग्रॅच्युइटीचा कायदा, सगळे ह्याच्या शेजारून निघून गेले. ते कसे गेले? ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागत. ठेकेदारानं मधेच कंपनीचं नाव बदललं की तोच माणूस, तोच रस्ता, तोच झाडू, पण नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून. फंडाला वीस माणसं लागतात, तर माणसं तुकड्या तुकड्यांत दाखवायची. फंडात कामगाराचे बारा टक्के आणि मालकाचे बारा टक्के, तर दोन्ही बारा कामगाराच्याच पगारातून कापायचे. दत्तक वस्ती योजनेत तर कागदावर कामगारच उरला नाही. झाडणारा 'स्वयंसेवक' झाला, पगार 'मानधन' झाला. स्वयंसेवकाला कसला आलाय फंड?

कचरा वाहतूक श्रमिक संघानं कोर्टात वर्षानुवर्षं झुंज दिली. २०१४ साली औद्योगिक न्यायाधिकरणानं २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करा म्हणून सांगितलं, एप्रिल २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यावर शिक्का मारला. तरी कित्येकांची नावं स्पेलिंग जुळत नाही म्हणून अडकवली. कचरा उचलताना कुणी स्पेलिंग विचारलं नव्हतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कायदे गुंडाळून चार नव्या संहिता आल्या. ठराविक मुदतीच्या नोकराला वर्षभरात ग्रॅच्युइटी मिळेल, हे चांगलं. पण कंत्राटी कामगाराच्या तरतुदींना आधी वीस माणसं पुरत, आता पन्नास लागतात. मुख्य कामात कंत्राट नको, असं संहिता म्हणते आणि मुख्य काम कुठलं नाही त्याची यादी देते. ज्या आस्थापना त्याच कामासाठी उभ्या नाहीत, तिथं ते काम मुख्य नाही. त्या यादीत पहिलं नाव कुणाचं? झाडलोट, सफाई, कचरा उचलणं. महापालिकेनं उद्या ह्या आडोशाला उभं राहू नये. शहर साफ ठेवणं हे तिचं १८८८च्या कायद्यापासूनचं बंधनकारक काम आहे.

म्हणजे गणित साधं आहे. लाभ बांधून ठेवणारा असेल तर जात बघून देतात. मोकळं करणारा असेल तर रजिस्टर बघून नाकारतात.

कुणी म्हणेल, मग वारसा हक्क सोडा की! हे बोलणाऱ्यानं आधी एखाद्या विधवा बाईच्या चुलीपुढं जाऊन बोलावं. नवरा गेल्यावर त्या झाडूनंच तिची पोरं जगली आहेत. तिच्या हातातला घास काढून घेणारा क्रांतिकारक आम्हाला नको. हक्क सोडायचा नाही. हक्काला बांधलेला झाडू सोडवायचा.

युनियनच्या बैठकीत, चाळीच्या मीटिंगमध्ये ह्या मागण्या ठणकावून मांडा. राबणाऱ्याच्या नावावर घर, मालकी हक्कानं. वारसाच्या हाती झाडू असो नसो. वारसाला जागा त्याच्या शिक्षणाप्रमाणं. ज्याला शिकायचंय त्याला त्या जागेऐवजी शिक्षणाचा पूर्ण खर्च. कंत्राटी झाडूवाल्याला पहिल्या दिवसापासून फंड, ईएसआय, आणि ठेकेदार बदलला तरी नोकरी सलग. फंडाचा चोर ठेकेदार सापडला तर पैसा पालिकेनं भरावा आणि ठेकेदाराकडून वसूल करत बसावं.

आणि पोरांनो, पीटी केसच्या फॉर्मवर सही करायची वेळ आली तर खुशाल करा, पोट कुणाला चुकलंय? पण सही करून गप्प बसू नका. बापानं तीस वर्षं झाडू मारून जे कमावलं ते घर आहे, फंड आहे, पेन्शन आहे. झाडू त्याची कमाई नव्हती.